इंकस्केपचे परीक्षण: कोयरीपासून रेडियमपर्यंत

घराच्या नावाच्या पाट्या, वाहनांवरची रेडियमची अक्षरे, रांगोळीचे छाप, लग्नपत्रिकांच्या वेलबुट्टीच्या कडा अशी किरकोळ दिसणारी, पण मिलिमीटरची चूकही खपवून न घेणारी कामे मी गेली काही वर्षे इंकस्केप या व्हेक्टर चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर करते. त्याच्या सर्व अंगांचा आढावा घेण्याचा येथे विचार नाही. आकार काढणे आणि काढलेला आकार घडवणे, म्हणजे त्याला वाकवणे, कापणे, जोडणे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. या एका कामात इंकस्केप पैसे मोजून घ्यावे इतके चांगले आहे आणि ते फुकट मिळते. त्याच्या खऱ्या अडचणी आकार तयार झाल्यानंतर, तो घेऊन आपण छापखान्याच्या पायरीवर उभे राहतो तेव्हा सुरू होतात.

व्हेक्टर चित्रात रंगीत ठिपक्यांचा साठा नसतो; कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत रेघ किंवा वक्र जातो याची गणिती नोंद असते, त्यामुळे वीतभर पाटीसाठी काढलेले अक्षर दुकानाच्या वीस फुटी फलकावरही तितकेच कोरीव राहते. इंकस्केप ही नोंद एसव्हीजी या खुल्या स्वरूपात ठेवते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये या स्वरूपाला मान्यता दिली आणि २००३ मध्ये, सोडिपोडी नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या चौघांनी वेगळी चूल मांडून त्याच संहितेवर (कोडवर) इंकस्केप उभे केले. आवृत्ती १.० यायला मात्र २०२० साल उजाडले. सतरा वर्षे शून्य पूर्णांकातच रेंगाळलेले हे सॉफ्टवेअर त्या काळातही लोक रोजच्या कामाला वापरत होते, यावरून ‘पूर्ण झाले’ म्हणण्याबाबत ही मंडळी किती काटेकोर आहेत, हे लक्षात यावे. सध्या माझ्या संगणकावर १.४ ही, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली आवृत्ती आहे.

सुरुवात चौकोनापासून करू, कारण इंकस्केपचा स्वभाव सर्वांत लवकर तिथेच कळतो. चौकोनाचे साधन घेऊन कागदावर ओढले की आयत तयार होतो. कंट्रोल दाबून ओढले तर चौरस किंवा पूर्णांकी प्रमाणाचा आयत मिळतो आणि शिफ्ट दाबले तर पहिला बिंदू कोपरा न राहता मध्य होतो. इथवर कोणतेही सॉफ्टवेअर सारखेच. फरक आहे तो आयताच्या अंगावर दिसणाऱ्या बारीक खुणांमध्ये. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यांवर चौकोनी खुणा असतात, त्या ओढून आकारमान बदलते; वरच्या उजव्या कोपऱ्यावर गोल खूण असते, ती खाली ओढली की चारही कोपरे एकाच वेळी गोलाई घेतात. त्या गोल खुणेखाली आणखी एक गोल खूण दडलेली असते, ती आडवी ओढली तर कोपरा वर्तुळाचा न राहता लंबवर्तुळाचा होतो. वरच्या पट्टीत याच गोलाईचे आडवे आणि उभे माप आकड्यांत लिहिता येते, आणि नको झाली तर एका बटणाने कोपरे पुन्हा काटकोनी होतात.

महत्त्वाचे हे की तो आयत तिसऱ्या दिवशी उघडला तरी आयतच असतो. ‘कोपरे ८ मिलिमीटरऐवजी ५ करा’ असे गिऱ्हाईक म्हणाले तर आकडा बदलायचा आणि मोकळे व्हायचे. मात्र येथे एक खाच आहे आणि नवख्या माणसाचा पाय तिच्यात हमखास अडकतो. आयताच्या स्वतःच्या खुणा ओढून तो लांबवला तर कोपऱ्यांची गोलाई जशीच्या तशी राहते. पण निवडीच्या बाणाने धरून ताणला तर गोलाईही त्याबरोबर ताणली जाते. हे टाळायचे किंवा मुद्दाम करायचे, हे ठरवणारी चार छोटी बटणे निवडीच्या पट्टीत ओळीने बसवली आहेत: रेघेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, रंगछटा आणि नक्षी यांनी आकाराबरोबर बदलायचे की नाही, हे ती ठरवतात. ही बटणे एकदा चुकून दाबली गेली की ती तशीच राहतात, आणि मग दिवसभर रेघा जाड का होत आहेत, याचा शोध घेत बसावे लागते. पाट्यांचे काम करणाऱ्याने ही चार बटणे सकाळी दिवा लावताना बघावीत तशी बघून घ्यावीत.

वर्तुळाच्या साधनातही अशीच एक गोल खूण आहे. ती ओढताना माउसचा बाण वर्तुळाच्या बाहेर ठेवला तर भाकरीचा तुकडा मोडावा तसा पाचरीचा आकार मिळतो, आणि आत ठेवला तर नुसती कमान. कंट्रोल दाबले तर कोन १५ अंशांच्या पटीत सरकतो. तोरणाच्या झालरीसाठी अर्धवर्तुळे लागतात तेव्हा मी याच खुणेने वर्तुळ अर्धे करते; पूर्वी त्यासाठी वर आयत ठेवून खालचा भाग कापत बसत असे, ते किती वेळखाऊ होते, हे आता आठवले तरी हसू येते.

चांदणीचे साधन मला सर्वांत आवडते आणि दिवाळीच्या महिन्यात ते माझ्याकडे सर्वांत जास्त राबते. टोकांची संख्या ३ पासून पुढे हवी तेवढी देता येते. टोक आणि खाच यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर वेगळे ठरवता येते. पाच टोकांच्या चांदणीत हे गुणोत्तर ०.३८२ ठेवले की शाळेत पेन न उचलता काढायचो ती, सरळ रेघांची नेमकी चांदणी तयार होते, कारण त्या आकृतीत आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्यांचे भूमितीने ठरलेले प्रमाणच तेवढे आहे. खाचेची खूण कंट्रोल धरून ओढली तर पाकळ्या सरळ राहतात. तशीच ओढली तर त्या भोवऱ्यासारख्या तिरप्या होतात. शिफ्ट धरून ओढले तर टोके गोलसर होऊन चांदणीचे फूल होते. आठ टोके, थोडी गोलाई आणि खोल खाच एवढ्या भांडवलावर आकाशकंदिलाच्या कागदावर छापण्याजोगी वीस-पंचवीस फुले मी एका दुपारी काढली आहेत, आणि त्यांतले प्रत्येक फूल अजूनही आकडे बदलून वेगळे करता येते. चक्रीचे साधन आहे, त्रिमिती खोक्याचेही आहे. चक्री वेलींच्या टोकांना कधीतरी कामी येते, खोके मला कधीच लागलेले नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आयत, वर्तुळ, चांदणी यांना आपण कोण आहोत याची आठवण असते, पण ही आठवण पुसण्याची आज्ञाही मेन्यूत आहे: ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि सी. ही आज्ञा दिली की आकार साध्या वाटेत, म्हणजे पाथमध्ये, बदलतो. त्याला मग गोलाईचा आकडा नसतो, टोकांची संख्या नसते, फक्त नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, असतात. वर्तुळाचे चार नोड होतात, साध्या आयताचे चार आणि गोल कोपऱ्यांच्या आयताचे आठ. मागे फिरायला ‘अनडू’ सोडून दुसरा रस्ता नाही. ज्यांना फायलीच्या पोटात डोकावायला आवडते त्यांनी एक्सएमएल एडिटर उघडून पाहावे. आयताची आणि वर्तुळाची नोंद एसव्हीजीच्या मानकात आहे, चांदणीची नाही. म्हणून चांदणी साध्या वाटेच्या रूपात लिहिली जाते आणि शेजारी ‘सोडिपोडी’ या जुन्या घराच्या नावाने टोकांची संख्या, त्रिज्या, कोन अशी टिपणे ठेवली जातात. जे सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी मागे पडले त्याचे नाव आजही इंकस्केपमध्ये काढलेल्या प्रत्येक चांदणीच्या अंगावर असते. याचा व्यवहारातला परिणाम असा की फाईल ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून साठवली तर ही टिपणे गळून पडतात, आणि पुन्हा उघडल्यावर चांदणीची टोके पाचाची सहा करता येत नाहीत.

नोडचे साधन हा इंकस्केपचा गाभा आहे आणि त्यासाठी मी कोयरीचे उदाहरण देते, कारण साडीच्या काठापासून मेंदीपर्यंत आपल्याकडे तिच्यावाचून नक्षी पुरी होत नाही. कोयरी पेनच्या साधनाने पहिल्या फटक्यात सुबक काढणारे हात असतील, माझा त्यांत नाही. मी एक उभे लंबवर्तुळ काढते, त्याची वाट करते आणि नोडचे साधन घेते. चार नोड दिसतात. वरचा नोड निवडून शिफ्ट आणि सी दाबले की तो टोकदार होतो, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचे, वक्राचे वळण ठरवणारे हँडल एकमेकांपासून मोकळे होतात. मग तो नोड उजवीकडे आणि थोडा खाली ओढायचा, त्याचे डावे हँडल वर उचलून पाठीला फुगवटा द्यायचा आणि उजवे हँडल पोटाकडे वळवायचे. टोक वळले की कोयरी झाली. पोट फार सपाट वाटले तर हँडल शोधत न बसता वक्रालाच धरून ओढता येते. उजव्या बाजूचा नोड आता वळणाच्या मध्ये येऊन गाठीसारखा दिसतो. तो निवडून डिलीट केला तर इंकस्केप शेजारच्या हँडलांची लांबी स्वतःहून जुळवून आकार शक्य तितका टिकवते. तीन नोडांत उभी राहिलेली ही कोयरी पाहिली की कळते, की वक्राची सफाई नोड वाढवण्यात नसून त्यांना योग्य जागी बसवण्यात आहे.

नोडचे प्रकार चार आहेत: टोकदार, गुळगुळीत, सममित आणि स्वयं-गुळगुळीत. गुळगुळीत नोडमध्ये दोन्ही हँडल एका सरळ रेषेत राहतात पण लांबी वेगळी असू शकते. सममित नोडमध्ये लांबीही सारखी असते. आणि स्वयं-गुळगुळीत नोड शेजारचे नोड हलवले की स्वतःचे हँडल आपणच जुळवून घेतो. वेलीच्या दांड्यासाठी मी हा शेवटचा प्रकार वापरते. या वक्रांना बेझिये यांचे नाव आहे. ते फ्रान्सच्या रेनॉ या मोटार कंपनीत अभियंते होते आणि मोटारींच्या पत्र्याचे वळण गणिताने लिहिण्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत वापरात आणून प्रसिद्ध केली. पण त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी हेच गणित मांडले होते, फक्त त्यांच्या कंपनीने ते कुलपात ठेवले. नाव झाले दुसऱ्याचे. मोटारीच्या बॉनेटसाठी शोधलेला वक्र पैठणीच्या काठावरच्या नक्षीला इतका साजतो, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

येथेच एक नाराजी नोंदवते, ती सॉफ्टवेअरपेक्षा सवयीबद्दल आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर बोधचिन्हाचा धुरकट फोटो पाठवते आणि ‘ट्रेस मारून द्या’, म्हणजे फोटोवरून आपोआप आकार काढून द्या, म्हणते. इंकस्केपमध्ये त्याची सोय चांगली आहे, त्यामागे पोट्रेस हा नावाजलेला प्रोग्रॅम काम करतो, आणि स्वच्छ काळ्या-पांढऱ्या चित्रावर तो उत्तम चालतो. पण धुरकट फोटोतून निघणाऱ्या वाटेला शेकडो नोड असतात आणि सरळ रेघ करवतीच्या पात्यासारखी दातेरी येते. कंट्रोल आणि एल दाबून ती सोपी करता येते. मात्र ही आज्ञा लागोपाठ दिली तर प्रत्येक वेळी ती अधिक जोराने लागू होते, आणि तीन-चार फटक्यांत गणपतीच्या सोंडेचा आकार विरघळलेल्या मेणबत्तीसारखा होतो. फोटो खालच्या लेअरवर फिका करून ठेवावा, त्या लेअरला कुलूप लावावे आणि वर हाताने बारा-पंधरा नोडांत नवा आकार काढावा. वेळ तेवढाच लागतो आणि काम दहापट स्वच्छ होते.

आकार एकमेकांशी जोडण्या-कापण्याच्या आज्ञा ‘पाथ’ मेन्यूत एकत्र आहेत. जोडणे, वजा करणे, सामाईक भाग ठेवणे, सामाईक भाग वगळणे, तुकडे पाडणे: नावे वाचून अर्थ कळतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच की वजाबाकीत वरचा आकार सुरी असतो आणि खालचा भाकरी. कापल्यावर खालचाच उरतो आणि रंगही त्याचाच राहतो. उलटे झाले तर आकार वर-खाली करून पुन्हा आज्ञा द्यावी. रांगोळीच्या छापासाठी ही वजाबाकी मला रोज लागते, कारण पत्र्यातून कापायच्या आकाराच्या आत जर बेट राहिले, जसे ‘व’ या अक्षराच्या पोटातले, तर पत्रा कापताच ते गळून पडते. म्हणून कापायच्या अक्षरातून दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी वजा करून बेटाला बाहेरच्या पत्र्याशी बांधून ठेवावे लागते. २०२३ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत यासाठी ‘शेप बिल्डर’ हे नवे साधन मिळाले. एकमेकांवर चढलेले आकार निवडून ते साधन घेतले की सगळे तुकडे वेगवेगळे दिसू लागतात. हवे ते तुकडे माउस फिरवत जोडत जायचे, नको ते शिफ्ट धरून काढून टाकायचे. पूर्वी पाच आज्ञांनी होणारे काम आता बोट फिरवून होते. मोठ्या गुंतागुंतीच्या नक्षीवर ते रेंगाळते, त्यामुळे मी अजूनही अशा वेळी जुन्या आज्ञांकडेच वळते.

आता देवनागरी अक्षरांबद्दल, कारण मराठी माणसाने इंकस्केप घ्यावे की नाही, हे येथे ठरते. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या बिनचूक बसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मी नेहमी वापरते आणि त्यांत कधी अक्षर फुटल्याचे आठवत नाही. अडचण पुढे आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. ‘श्रमसाफल्य’ ही घराची पाटी रेडियममध्ये कापायची होती. मजकूर टाकला, त्याची वाट केली, पडद्यावर सुरेख दिसले आणि फाईल दुकानात दिली. कापणी यंत्राने शिरोरेषा जागोजागी आडवी चिरली. दुकानदाराने कागदावरून अक्षरे उचलताना काना आणि ‘स’ वेगळे झालेले दाखवले आणि म्हणाला, ‘ताई, ही अक्षरं जोडलेली नाहीत, नुसती खेटून उभी केलीत.’ त्याचे बरोबर होते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापला शिरोरेषेचा तुकडा असतो, काना तर स्वतंत्र चिन्हच असतो, आणि हे तुकडे एकमेकांवर थोडेसे चढवलेले असतात. रंग भरलेला असताना ती चढण डोळ्यांना दिसत नाही, पण कापणीच्या पात्याला प्रत्येक कड दिसते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. मजकुराची वाट केली की अक्षरांचा गट तयार होतो. तो सोडवावा, सगळी अक्षरे निवडावीत आणि ‘युनियन’ची आज्ञा द्यावी, म्हणजे पूर्ण शब्दाची एकच अखंड बाह्यरेषा होते आणि ‘म’, ‘स’ यांच्यातल्या पोकळ्या आपल्या जागी राहतात. नंतर फक्त कडा दाखवणाऱ्या आउटलाइन दृश्यात जाऊन शिरोरेषेवरून नजर फिरवावी. मध्ये एकही उभी रेघ दिसता कामा नये. मजकुराची एक प्रत मात्र आधी बाजूला काढून ठेवावी, कारण वाट झालेल्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारता येत नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीसाठी इंकस्केप वापरता येते का, असे मला विचारले जाते. येते, आणि फार छान येते. ‘१५ ते ८’ ची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत शेवटी ८, असे एकूण १६९ ठिपके. यासाठी ‘अॅक्सोनोमेट्रिक’ जाळी लावावी आणि दोन्ही कोन ३० अंशांचे ठेवावेत. रेघा जिथे छेदतात ते बिंदू बरोबर समभुज त्रिकोणांत बसतात. या जाळीतल्या सरळ रेघा उभ्या असतात, आडव्या नसतात, त्यामुळे ओळी उभ्या येतात. रांगोळी पुरी झाल्यावर सगळे एकदम ९० अंशांत फिरवले की झाले. बिंदूंना चिकटण्याची सोय चालू ठेवली की पेन नेमके ठिपक्यावरच जाते. फुलांच्या पाकळ्यांसाठी ‘रोटेट कॉपीज’ हा परिणाम लावावा. एक पाकळी काढून तिच्या आठ प्रती ४५ अंशांवर फिरतात, आणि मूळ पाकळीचा एक नोड हलवला की आठही पाकळ्या एकदम बदलतात. अशा परिणामांची यादी लांब आहे. आरशासारखी प्रत, बदलत्या जाडीची रेघ आणि आकाराचे निवडक कोपरे गोल करणारा परिणाम हे तीन शिकले तरी पुरेसे आहे. उरलेले कौतुकाने पाहावेत. याखेरीज क्लोनांची, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेल्या प्रतींची, फरशी घालण्याची खिडकी आहे, तिच्यात सपाट पृष्ठभागावर नक्षी पुनरावृत्त करण्याच्या गणिताला ठाऊक असलेल्या सतराही रीती दिल्या आहेत. खिडकी दिसायला सरकारी अर्जासारखी आहे, पण चिकाटीने भरली तर वस्त्राची पूर्ण नक्षी एका बुट्टीतून उभी राहते.

मापांबाबत दोन सूचना. इंकस्केप मुळात आकाराचे माप रेघेच्या जाडीसकट दाखवते. म्हणजे १०० मिलिमीटरच्या आयताला १ मिलिमीटरची रेघ असेल तर पट्टीत १०१ दिसते, कारण अर्धी अर्धी रेघ दोन्ही बाजूंना बाहेर येते. कापणीच्या कामात हे घातक आहे. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘जिऑमेट्रिक’ मर्यादा निवडावी. दुसरी सूचना जुन्या फायलींची: ०.९२ या आवृत्तीपासून एका इंचात ९० ऐवजी ९६ एकके मोजली जातात, त्यामुळे त्याआधीची फाईल उघडताना सॉफ्टवेअर जो प्रश्न विचारते तो न वाचता पुढे जाऊ नये.

आता छापखान्याची पायरी. आपल्याकडे फ्लेक्स, रेडियम आणि पत्रिका यांचे बहुतेक काम कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर चालते, आणि त्यातली मराठी अक्षरे बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या, स्वतःच्या सांकेतिक जुळणीच्या फॉन्टांत असतात. इंकस्केप कोरलच्या फायली उघडू शकते, पण त्या स्वरूपात साठवू शकत नाही. आणि जुन्या फॉन्टातला मजकूर असेल, तर तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसताना मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. दुकानाला पीडीएफ द्यावी आणि सगळा मजकूर आधीच वाटेत बदलावा, म्हणजे फॉन्टचा प्रश्न संपतो. रंगांचा संपत नाही. इंकस्केप पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत विचार करते, ऑफसेट छपाईला लागणारी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांची पीडीएफ ते थेट देत नाही. त्यासाठी स्क्रायबससारख्या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाईल न्यावी लागते. शुद्ध काळा मजकूर चार शाईंत विभागला जाण्याचा धोका पत्रिकेच्या बारीक अक्षरांत खरा असतो. ज्यांचे पोट ऑफसेटवर आहे त्यांनी केवळ इंकस्केपवर विसंबू नये, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. रेडियम, लेझर, भरतकाम, वेबसाठीची चिन्हे, शाळेची आकृती या कामांना मात्र रंगांची ही अडचण लागत नाही.

वेगाची तक्रारही आहे. धूसर छाया देणारे परिणाम दोन-चार मोठ्या आकारांवर लावले की जुना संगणक धापा टाकू लागतो, आणि मॅकवर खिडक्या व मेन्यू इतर सॉफ्टवेअरच्या तुलनेत थोडे उपरे वाटतात. शॉर्टकट खूप आहेत. ते पाठ होईपर्यंतचा पहिला महिना कंटाळवाणा जातो. ‘हेल्प’ मेन्यूतले धडे त्याच कागदावर, त्याच साधनांनी गिरवता येतील असे एसव्हीजी फायलींच्या रूपात आहेत. पैकी आकारांचा धडा प्रत्येकाने तासभर बसून करावा, कारण वर्तुळाच्या खुणेसारख्या गोष्टी योगायोगाने सापडत नाहीत.

त्या पाटीच्या प्रसंगानंतर मी प्रत्येक कामाच्या दोन फायली ठेवते. एकीच्या नावात ‘मूळ’ असते. तिच्यात आयत आयत असतात, चांदण्या चांदण्या असतात आणि मजकूर टाइप केलेला मजकूर असतो, आणि ती नेहमी इंकस्केपच्या स्वतःच्या एसव्हीजीत साठवलेली असते. दुसरीच्या नावात ‘दुकान’ असते. तिच्यात सगळ्याच्या वाटा केलेल्या, जोडलेल्या, आउटलाइन दृश्यात तपासलेल्या. ‘श्रमसाफल्य’वाल्यांनी पुढे वरच्या मजल्यासाठी थोड्या रुंद अक्षरांत तशीच दुसरी पाटी मागितली, तेव्हा मूळ फाईल उघडून फॉन्ट बदलला, चौकट खुणेने लांबवली, आणि चहा निवायच्या आत नवी ‘दुकान’ फाईल तयार होती.